हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: जोडून आलेली सुट्टी, नऊ माणसं आणि ओहोटीची वेळ

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. नावं दिलेली नाहीत, नात्यांवरूनच ओळख ठेवली आहे. मी घरातली थोरली सून. या सहलीची आखणी माझ्याकडे होती, त्यामुळे तिच्यातल्या बऱ्या-वाईट निर्णयांची जबाबदारीही बरीचशी माझीच.

पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्याच्या दक्षिण टोकाला, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे हरिहरेश्वर आहे. आमचं हे कुलदैवत. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथांचं मूळ गाव, त्यामुळे पेशव्यांचंही हेच कुलदैवत. आजही कोकणातली कितीतरी घराणी वर्षातून एकदा तरी इथे येऊन जातात. देवळाशेजारून पायऱ्या डोंगरावर चढतात. माथ्यावरून पलीकडे समुद्राच्या अंगाला उतरताना दोन उभ्या कातळांमधली एक अरुंद घळ लागते. ती उतरली की आपण लाटांनी कापून सपाट केलेल्या खडकावर येतो. तिथून डोंगराला उजवीकडे ठेवत, समुद्राच्या कडेकडेने चालत परत देवळाशी यायचं. ही प्रदक्षिणा.

हा खडक बघण्यासारखाच आहे. काळ्या कातळावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. खारं पाणी दगडाच्या बारीक फटींत शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगड आतून कण-कण सुटत जातो. हजारो वर्षं हेच चालू आहे. देवाला येणारे, भूगोलाचे विद्यार्थी आणि फोटो काढायला येणारे, तिघांनाही याच खडकावर उतरायचं असतं. आणि खडक उघडा असतो तो फक्त ओहोटीला. पावसाळ्यात तर तिथे उतरायचंच नाही.

सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आई म्हणतो, 76 वर्षांच्या. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांनी ही प्रदक्षिणा केली होती. मार्चमध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी एकदा ही वाट चालायची, एवढीच त्यांची इच्छा.

2024 साली 26 जानेवारी शुक्रवारी आली. तीन दिवस जोडून सुट्टी. पुण्याहून दोन गाड्यांतून नऊजण जायचं ठरलं. एका गाडीत आई, मी, माझे यजमान, आमची चौदा वर्षांची मुलगी आणि नणंद. दुसरीत दीर, जाऊ, सतरा वर्षांचा पुतण्या आणि नऊ वर्षांची पुतणी.

अडचण

वर्षभरापूर्वी आम्ही एकदा हात हलवत परत आलो होतो. 2022 च्या नाताळात, रविवारी 25 डिसेंबरला, सकाळी आरामात निघून दुपारी साडेबाराच्या सुमारास पोचलो. देवळाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. रांगेतून दर्शन झालं. पायऱ्या चढून माथ्यावर गेलो तर घळीच्या तोंडाशी दीड-दोनशे माणसं उभी आणि खाली पाणी फुटत होतं. नारळपाणी विकणाऱ्या एका मावशींनी सांगितलं, "आता नाय जायचं, पूर्ण भरती आहे. सांजच्याला या." संध्याकाळपर्यंत थांबायची सोय नव्हती. आई काही बोलल्या नाहीत, पण परतीच्या वाटेवर माणगाव येईपर्यंत त्या गप्पच होत्या.

त्या दिवशी मला वाटलं की गर्दी हीच अडचण. घरी येऊन शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की गावात एक चिटपाखरू नसतं तरी आम्हाला प्रदक्षिणा करता आली नसती. डोंगरावर किंवा किल्ल्यावर गर्दी टाळायची तर लवकर जा नाहीतर उशिरा जा, एवढं पुरतं. इथे समुद्र दिवसातले ठरावीक तासच वाट मोकळी करतो आणि आलेली सगळी माणसं त्याच तासांत उतरू बघतात. म्हणून माणसांची वेळ आणि पाण्याची वेळ, दोन्ही एकमेकींवर ठेवून बघायला हव्यात.

तिथीचा हिशोब

कोकणात हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावस्या पंधरावी धरायची: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या आधी भरती, आणि पहाटे आणि संध्याकाळी ओहोटी. भरती ते ओहोटी साधारण सव्वासहा तास.

हा हिशोब ठोकळ आहे. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती रोज पाऊण तासापेक्षा कमीच पुढे सरकते आणि अष्टमीजवळ जास्त. म्हणून शेवटी तक्ता बघायचा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांसाठी भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो, आणि हल्ली मोबाइलवरही वेळा मिळतात. पण बेत आखताना, तीन महिने आधी कालनिर्णय समोर घेऊन बसलं की पाऊणपटीने अंदाज झटकन येतो.

आता नाताळातल्या त्या रविवारचा उलगडा झाला. 23 डिसेंबरला अमावस्या होती, म्हणजे 25 ला द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. आम्ही नेमके भरतीच्या तोंडावर जाऊन उभे राहिलो होतो.

आणखी एक गोष्ट इथे येते. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं: भरतीला पाणी खूप चढतं, तसंच ओहोटीला खूप आतही जातं. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार ओसरतही नाही. प्रदक्षिणेच्या वाटेला उधाणाची ओहोटी चांगली, कारण खडक लांबवर उघडा पडतो आणि कडेपासून दूर राहून चालता येतं.

25 जानेवारी 2024 ला पौष पौर्णिमा होती. शुक्रवारी वद्य प्रतिपदा, शनिवारी द्वितीया, रविवारी तृतीया. म्हणजे तिन्ही दिवस भरती भर दुपारी, आणि ओहोटी सकाळी उजाडायच्या सुमारास आणि संध्याकाळी सूर्यास्ताच्या सुमारास. आणि ओहोटीही उधाणाची.

पर्याय

*आठवडाभर पुढे ढकलणं.* 3 फेब्रुवारीला शनिवार आणि अष्टमी. जोडून सुट्टी नाही म्हणजे गर्दी कमी, पण ओहोटी ऐन दुपारी आणि तीही भांगाची. डोक्यावर ऊन, कातळ तापलेला आणि चालायला पट्टा अरुंद. आईंसाठी हे योग्य वाटलं नाही.

*सोमवारी, 29 ला जाणं.* सकाळी आठच्या सुमारास ओहोटी आणि गाव रिकामं. पाण्याच्या आणि गर्दीच्या दृष्टीने हा सगळ्यांत चांगला दिवस होता. पण पुतण्याची बारावीची पूर्वपरीक्षा आणि दिरांचं ऑफिस यामुळे तो पहिल्या पाच मिनिटांतच बाजूला पडला. त्यावर आम्ही पुरेसं बोललोच नाही, हे आता जाणवतं.

*दुसरीकडेच जाणं.* दिवेआगर झालं, आरावीचा किनारा झाला. जाऊबाईंचं म्हणणं रास्त होतं की मुलांना समुद्रच हवा आहे, तो कुठेही मिळेल. पण मग आईंचं काय?

*त्याच सुट्टीत, पण वेळ निवडून.* यात तीन वेळा शक्य होत्या: शुक्रवारची संध्याकाळ, शनिवारची पहाट आणि रविवारची पहाट. शुक्रवारची संध्याकाळ पहिली वगळली. उधाणाच्या दिवशी दुपारभर कुणालाच उतरता येत नाही, त्यामुळे सकाळपासून गावात आलेली सगळी माणसं संध्याकाळी एकदम उतरतात, आणि सूर्यास्त बघायचा म्हणून खडकावर थांबूनही राहतात. घळ इतकी चिंचोळी आहे की चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की एकाला थांबावंच लागतं.

उरल्या दोन पहाटा. आम्ही शनिवार निवडला आणि रविवार राखून ठेवला. हवा वाईट असली, आईंचा पाय दुखला, तर दुसरी संधी हाताशी राहील, हा विचार. तो बरोबर होता का, ते पुढे लिहिते.

आधी केलेली तयारी

मुक्कामाचा निर्णय महत्त्वाचा ठरला. श्रीवर्धनला खोल्या सहज मिळत होत्या आणि स्वस्तही होत्या. पण तिथून पहाटे गाडी काढून अर्धा-पाऊण तास यायचं, मग आईंना घेऊन चढायचं, हे जमणारं नव्हतं. देवळापासून चालत पाच-सात मिनिटांवर एका घरी दोन खोल्या डिसेंबरच्या सुरुवातीलाच ठरवल्या. पैसे जास्त गेले, पण पुन्हाही मी हेच करीन.

त्या घरच्या काकूंशी फोनवर दोनदा बोलले. पहिल्यांदा जेवणाचं, दुसऱ्यांदा वाटेचं. पहाटे उतरलं तर चालतं का, कुणी असतं का, शेवाळ कुठे असतं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. काळोखात उतरू नका, दगड दिसायला लागला की उतरा. ओल्या हिरव्या दगडावर पाय टाकू नका, मोठ्या माणसाला तर नाहीच. आणि चप्पल नको, मागे पट्टा असलेलं काहीतरी घाला.

मग दर्शनाचा प्रश्न निघाला. इथे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव असा क्रम पाळतात. आईंचं म्हणणं, दर्शन न घेता प्रदक्षिणा कशी करायची? पहाटे दर्शनासाठी थांबलो तर ओहोटीची वेळ निघून जाणार. मी वाद घालायच्या आधी काकूंच्या सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आदल्या दिवशी यथासांग दर्शन घ्या. सकाळी पायरीवर डोकं टेकवा नि निघा. देव सगळं बघतो." आईंना ते पटलं. घरातल्या कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नसतं.

पाण्याची मर्यादाही आधीच ठरवली. कोळी आणि नावाडी लोक एक ठोकताळा मानतात: ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकं वर येतं, दुसऱ्या तासात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन. म्हणजे पहिले दोन तास मिळून पाणी पाव चढतं आणि मग एकदम जोर धरतं. ओहोटीपासून दोन तासांच्या आत खडक सोडायचा, हे सगळ्यांनी कबूल केलं.

शुक्रवार

आमची गाडी पहाटे साडेचारला निघाली. पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी उतरून निजामपूरमार्गे माणगावला सातच्या आत पोचलो. बाजारपेठ अजून उघडत होती. मोर्बा, साई, म्हसळा करत साडेनऊला हरिहरेश्वर. रस्त्यात आंब्याला मोहोर दिसत होता, आईंनी काच खाली करायला लावली.

दिरांची गाडी सातला निघाली. अडीच तासांचा फरक. मुंबई-गोवा महामार्गावरून येणारी सगळी वाहनं माणगावच्या बाजारात शिरतात. जोडून सुट्टी आली की तिथे काय होतं, ते या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते अडीचला पोचले. पुतणीला गाडीत दोनदा उलटी झाली होती. काकूंनी ताटं झाकून ठेवली होती म्हणून जेवण तरी मिळालं.

आम्ही तोवर रांग वाढायच्या आत दर्शन घेऊन मोकळे झालो होतो. साडेअकराला मी आणि यजमान, दोघंच, माथ्यावर जाऊन घळीपर्यंत बघून आलो. पाणी वर येत होतं, तुषार पायऱ्यांवर उडत होते. माणसं मात्र येतच होती आणि हिरमुसून परत फिरत होती. त्यांच्या चेहऱ्यावर मला नाताळातले आम्हीच दिसलो.

संध्याकाळी पाचनंतर पुन्हा एकदा वरूनच पाहिलं. घळीत माणसांची सलग ओळ, एक मूल रडत होतं, खाली खडकावर कडेपर्यंत माणसं. पुतण्या म्हणाला, "काकू, मी पटकन जाऊन येतो, दहा मिनिटं." मी नाही म्हटलं. तो रुसला. त्या गर्दीत त्याला एकट्याला सोडण्यापेक्षा त्याचा रुसवा मला परवडला.

शनिवारची पहाट

साडेपाचला उठलो. दिरांकडचं कुणी उठलं नाही. आदल्या दिवशीचा प्रवासच तसा झाला होता, त्यामुळे मीही फार हाका मारल्या नाहीत.

साडेसहाला देवळाशी. आईंनी पायरीवर डोकं टेकवलं. तक्त्याप्रमाणे पूर्ण ओहोटी याच सुमाराला होती, पण अजून काळोख. काकूंचं ऐकून माथ्यावर थांबलो. सातला पाच-दहा मिनिटं असताना कातळ राखाडी दिसू लागला आणि आम्ही घळ उतरायला सुरुवात केली. यजमान आईंच्या पुढे एक पायरी, नणंद मागे, मी आणि मुलगी सगळ्यांत शेवटी.

तो उतार उतरायलाच वीस मिनिटं लागली. मी दहा धरली होती.

खाली आलो आणि सगळे गप्प झाले. पुनवेनंतरचा चंद्र अजून समुद्रावर होता. पाणी लांब गेलेलं, खडकातल्या खळग्यांत साठलेलं पाणी आरशासारखं. डोंगर पूर्वेला असल्यामुळे ऊन आमच्यापर्यंत येणारच नव्हतं, सगळ्या वाटेवर सावली. दूर दोघं गळ टाकून बसले होते. गावातल्या तीन बायका कालवं काढत होत्या, त्यांच्या हत्याराचा ठक-ठक आवाज तेवढा येत होता. आमच्यासारखं बाहेरून आलेलं एकच जोडपं. आदल्या संध्याकाळी जिथे शेकडो माणसं होती, तिथे सकाळी आम्ही धरून बाराजण.

आई अर्ध्या वाटेवर एका जाळीदार कातळाला टेकून बसल्या. बोटांनी त्या जाळीतून हात फिरवत म्हणाल्या, "तेव्हा मी नऊवारी खोचून चालले होते, आणि तुझे सासरे पुढे निघून गेले होते. सासूबाईंनी माझा हात धरला होता." एवढं सांगून त्या पुन्हा गप्प झाल्या. आम्ही त्यांना उठवायची घाई केली नाही. पंधरा मिनिटं तिथेच गेली.

उठलो तेव्हा आठ वाजत आले होते. पाणी वळलेलं होतं, खडकाच्या चिरांतून आत शिरताना दिसत होतं. कालवंवाल्यांपैकी एकजण टोपली उचलून निघता निघता म्हणाली, "चला आता, माघारी फिरायचा टाइम झाला." शेवटच्या टप्प्यात एका ठिकाणी चर ओलांडायचा होता. त्यात तासाभरापूर्वी पाणी नव्हतं, आता घोट्याएवढं होतं. यजमानांनी आईंना जवळजवळ उचलूनच पलीकडे नेलं. सव्वाआठला वाळूवर पाय टेकले. दोन तासांची मर्यादा पाळली गेली, पण पंधराच मिनिटं हातात उरली होती.

शनिवारची संध्याकाळ

दीर आणि मंडळी साडेदहाला तयार झाली. तोवर वाट बंद. दुपारभर वाळूवर गेले, आणि संध्याकाळी साडेपाचला प्रदक्षिणेला निघाले. घळीपाशीच चाळीस मिनिटं उभं राहावं लागलं. खाली उतरल्यावर सूर्यास्तासाठी थांबलेल्या गर्दीतून वाट काढताना सगळ्यांना कातळाच्या कडेने, म्हणजे ओल्या बाजूने चालावं लागत होतं, कारण कोरड्या बाजूला माणसं बसलेली. तिथेच पुतणी शेवाळावरून घसरली. तळहात सोलवटला, ढोपर फुटलं, नशिबाने त्यापलीकडे काही नाही. परत आले तेव्हा काळोख झाला होता, मोबाइलचे दिवे लावून शेवटचा टप्पा पार केला.

एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या, तोच खडक, एकाच घरातली माणसं. पहाटेच्या ओहोटीला माणूस नव्हतं आणि उजेड वाढत होता. संध्याकाळच्या ओहोटीला गर्दी होती आणि उजेड सरत होता. एरवी कुणाला पटवून सांगावं लागलं असतं, ते पुतणीच्या हातावरच्या पट्टीने सांगितलं.

निर्णयांकडे पुन्हा बघताना

पहाट निवडणं बरोबर होतं. शनिवार निवडणं मात्र मला आता चूक वाटतं. शनिवारी ओहोटी उजाडायच्या आधीच झाली, म्हणून आम्ही खडकावर उतरलो तेव्हा पाणी वळायला लागलं होतं. रविवारी तीच ओहोटी जवळपास अर्ध्या तासाने पुढे होती: दिसायला लागल्यावर उतरायला सुरुवात केली असती तेव्हा पाणी जेमतेम वळायच्या बेतात असतं आणि पाठीशी जवळपास पूर्ण दोन तास राहिले असते. राखीव दिवस म्हणून रविवार मागे ठेवण्यात मी चांगली वेळ मागे ठेवली आणि अडचणीची आधी वापरली. शिवाय शुक्रवारी उशिरा आलेल्यांनाही एक दिवस विश्रांती मिळून सगळे एकत्र गेलो असतो.

दुसरं, वेळेचा अंदाज मी माझ्या पायांनी बांधला होता. घरातलं सगळ्यांत हळू चालणारं माणूस धरून, शिवाय वाटेत बसायचा वेळ धरून तो बांधायला हवा होता. आईंना तिथे बसायचंच होतं, त्यासाठीच तर त्या आल्या होत्या.

तिसरी गोष्ट एकांताची. गर्दी टाळायच्या नादात रिकामा खडक मिळतो, पण रिकाम्या खडकावर कुणी घसरलं तर हाक ऐकायला माणूस नसतं. इथे लाटेने ओढून नेल्याच्या बातम्या आपण वाचतो. गळवाले आणि कालवं काढणाऱ्या बायका तिथे होत्या, हा आमच्या नशिबाचा भाग होता. पुन्हा जाताना मी गावातल्या एखाद्या माहीतगार माणसाला मोबदला देऊन सोबत नेईन. पाणी वळल्याचं आमच्या आधी त्या बाईंना कळलं होतं, आणि ते त्यांनी आपणहून सांगितलं.

दिरांच्या मंडळींना पहाटे न उठवणं ही माझीच भीड. हिशोब मी केला होता, तो कागदावर लिहून सगळ्यांना आधी पाठवला असता तर साडेदहाला निघण्याचा प्रश्नच आला नसता. ओहोटीची वेळ मला माहीत होती, पण त्यांच्यापर्यंत "लवकर जायचंय" एवढंच पोचलं होतं. सुट्टीत लवकर म्हणजे कुणाला सहा वाटतात, कुणाला दहा.

काकूंशी निघताना बोलणं झालं. जोडून सुट्टी म्हणजे त्यांची कमाई, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण त्या तीन दिवसांत गावाच्या विहिरी, रस्ते, कचरा सगळ्यावर ताण येतो आणि नंतरचे पंधरा दिवस खोल्या रिकाम्या. "तुम्ही मधल्या वारी आलात तर तुम्हालाही बरं नि आम्हालाही," त्या म्हणाल्या. हे माझ्या मनात राहिलं. आम्ही गर्दी टाळायची वेळ शोधत होतो, पण त्या तीन दिवसांपुरते आम्हीही त्याच गर्दीतले नऊजण होतो.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट घरी आल्यावर उमगली. मी पौर्णिमा बघितली, अमावस्या बघितलीच नाही. भरती-ओहोटीचं चक्र पंधरवड्याने तसंच्या तसं परत येतं. 9 फेब्रुवारीला पौष अमावस्या होती, 11 ला रविवार आणि शुद्ध द्वितीया. म्हणजे तीच पहाटेची उधाणाची ओहोटी, साध्या शनिवार-रविवारी, जोडून सुट्टी नसताना. चंद्र नसता एवढाच फरक. 26 जानेवारीलाच जायचं असं कुणीच म्हटलं नव्हतं. सुट्टी दिसली म्हणून सगळ्यांनी ते गृहीत धरलं. पुढे दिरांना विचारलं तर ते म्हणाले, "अगं वहिनी, मला दोन्ही चाललं असतं."

आईंचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. नवं कालनिर्णय आलं तेव्हा त्यांनी ते भिंतीला लावायच्या आधी मांडीवर घेतलं, शुद्ध आणि वद्य द्वितीया-तृतीयेला येणारे शनिवार-रविवार पेन्सिलीने गोल केले, पावसाळ्याचे महिने सोडले आणि सुट्टीला लागून आलेले खोडून टाकले.